भिवाजी नानांची बोटीतली जागा

भिवाजी नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अर्धे एसटीच्या आत होते आणि अर्धे बाहेर. घनसावंगीच्या स्टँडवर जालन्याची गाडी अजून पुरती थांबलीसुद्धा नव्हती. खिडकीतून आत गेलेल्या अर्ध्या नानांनी बाकावर एक काळं घोंगडं अंथरलं, बाहेर राहिलेल्या अर्ध्या नानांनी तोवर हवेत पाय झाडले, आणि मग दोन्ही नाना एकत्र होऊन खाली उतरले. धोतर झटकत म्हणाले, "आधी जागा, मंग बाकीचं."

मी नुकताच तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. दारातल्या रेटारेटीतून आत पोचलो तर घोंगड्याच्या कडेला चांगली ऐसपैस फट दिसली. टेकायला गेलो तर नाना म्हणाले, "मास्तर, तिथं न्हाई. धरेल हाय." धरेल, म्हणजे धरलेली. जालन्यापर्यंत उभा गेलो. वर त्यांनी वाटेत मला भुईमुगाच्या शेंगा देऊ केल्या. रागाने मी त्या घेतल्या नाहीत आणि अंबड यायच्या आत पस्तावलो.

पुढे मी खोली घेतली ती नेमकी त्यांच्या शेजारची. नानांच्या बापाकडे मेंढरं होती, ती गेली. नानांकडे थोडी कोरडवाहू जमीन आणि घोंगड्यांचा धंदा राहिला. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, असा सगळा आठवडा त्यांचा एसटीत जायचा. त्यामुळे जागा धरण्यावर त्यांचा अभ्यास दांडगा होता. टॉवेल टाकला तर वाऱ्याने उडतो. टोपी लोकांच्या पायाखाली जाते. पिशवी एखादा हलकट उचलून वर ठेवतो आणि वर म्हणतो, पडली असती बरं का. "घोंगडं मातर बसतं. वजन असतं त्याला. आन् टोचतं, म्हून कोनी उगाच टेकत न्हाई. बिलकुल बराबर चीज हाय."

एसटीपुरतं हे असतं तर चाललं असतं. पण नाना पंगतीतही जागा धरत, फिरत्या सिनेमाच्या तंबूतही धरत. अंगारकीला राजूरला गणपतीच्या गर्दीत जिथे पाय ठेवायची सोय नसायची, तिथे नानांचं घोंगडं झाडाखाली अंथरलेलं असायचं. आमच्या शाळेच्या संमेलनात त्यांनी एकदा ते पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर टाकलं. प्रमुख पाहुणे आले तर बसायला खुर्ची नाही. हेडमास्तर हात जोडून उभे, नाना मांडी घालून बसलेले. शेवटी पाहुण्यांसाठी वर्गातून बाक आणावा लागला. गावात नानांची टिंगल व्हायची, पण ती मागून. समोर कोणी बोलत नसे, कारण नाना भांडणातही मागे हटत नसत.

नानांच्या बायकोला आम्ही नानी म्हणत असू. ती बाई इतकी कमी बोलायची, की घरात नाना एकटेच राहतात असं नव्या माणसाला वाटावं. त्यांची एकुलती एक लेक सुमी लग्न होऊन पार रत्नागिरीला गेली होती. जावई तिथे बँकेत कारकून होता.

दिवाळीच्या तोंडावर जावयाचा निरोप आला. सुमीला दिवस गेले होते हे आम्हाला माहीत होतं. पहिलं बाळंतपण, तेव्हा ती माहेरी यायची असंही ठरलेलं होतं. पण तिचे पाय सुजले होते आणि डॉक्टरने प्रवासाला साफ मनाई केली होती. नानी चुलीपुढे बसून राहिल्या. नानांनी पटका डोक्याला गुंडाळला.

"लेक माहेरी येत न्हाई ना? मंग माहेर लेकीकडं जाईल. त्यात काय!"

त्यात एकच होतं. नानींना एसटी लागायची. अंबडपर्यंतसुद्धा लिंबू चोखत जावं लागे. त्या घाटाघाटातून कोकणात कशा उतरणार? तेव्हा मुंबईहून कोकण किनाऱ्याने गोव्यापर्यंत मोठी आगबोट जात असे. सकाळी बसलं की संध्याकाळी रत्नागिरी. ही माहिती मीच बोलता बोलता दिली. मला वाटलं विषय निघालाय म्हणून सांगावं. नानांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

गावाने त्यांना नाना परीने सांगून पाहिलं. बोट बुडते. बोटीत माणूस ओकून ओकून अर्धा होतो. एक म्हातारा तर म्हणाला की समुद्राच्या पाण्यावर पाय ठेवला की परत येणाऱ्याला गाव ओळखत नाही. त्याने समुद्र सोडा, पैठणही पाहिलेलं नव्हतं. नानांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला एकच विचारलं, "मास्तर, त्या बोटीत जागा धरेल असती का?"

मी म्हटलं, "डेकवर नसते. जो आधी जाईल त्याची."

"मंग ठीक हाय. आन् उंच किती असती?"

"तीन मजली घरासारखी."

हे मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीमागे धप्प धप्प आवाज यायला लागला. बाहेर येऊन पाहतो तर नाना अंगणात उभे राहून आपल्याच घराच्या सपाट मातीच्या धाब्यावर घोंगडं फेकत होते. नानी वर उभ्या. घोंगडं पडलं की नानी ते नीट अंथरून दाखवायच्या, आणि पुन्हा गुंडाळून खाली टाकायच्या. शेजारी जमा झाले. "बोटीची प्रॅक्टिस," असं मी सांगितल्यावर ते आणखी जमा झाले. नाना कोणाकडे बघत नव्हते. त्यांच्या कपाळावरचा घाम आणि आवळलेले ओठ पाहून माझं हसू निम्म्यावर थांबलं, हे मात्र खरं.

शाळेला सुट्टी होती, मुंबई मला थोडीफार माहीत होती, तेव्हा मलाही त्यांनी बरोबर घेतलं. "जागेच्या चार कोपऱ्याला चार जीव पाह्यजेत," नाना म्हणाले. आम्ही तिघेच होतो. चौथ्या कोपऱ्याला सुमीसाठी डिंकाचे लाडू भरलेली पत्र्याची ट्रंक होती.

भाऊच्या धक्क्यावर बोट समोर आली तेव्हा नानी दोन पावलं मागे सरकल्या. मीही जरा दबलोच. मान मागे टाकली तरी वरचं टोक दिसेना. नानांनी मात्र बोटीला एसटीच्या हिशेबाने न्याहाळलं. दार कुठे, गर्दी कुठे, खिडक्या कुठे. शिडीपाशी बोचकी, पिंजऱ्यातल्या कोंबड्या आणि चाकरमान्यांची ही झुंबड. तिकडून जाण्यात राम नव्हता. आणि धक्क्याला लागून, हाताच्या उंचीवर, एक गोल खिडकी उघडी होती.

मी "नाना, नको" म्हणेपर्यंत वळकटी केलेलं घोंगडं त्या भोकातून आत गेलंसुद्धा.

"जागा झाली," नाना म्हणाले. "आता आरामात चला."

आम्ही आरामात गेलो. वर पोचलो तर डेक गच्च भरलेला. चटया, सतरंज्या, वळकट्या. तसूभर जागा मोकळी नाही. नाना निर्धास्त होते. "आपली खाली हाय," असं जो भेटेल त्याला सांगत होते. तेवढ्यात जिन्यावरून बनियन घातलेला एक जाडजूड माणूस नानांचं घोंगडं हातात धरून वर आला आणि ओरडला, "ह्यां घोंगडां कोणाचां?"

तो बोटीवरचा आचारी होता. पहाटेपासूनचं काम संपवून आपल्या खोलीत जरा आडवा झाला होता, आणि घोंगडं खिडकीतून येऊन थेट त्याच्या छातीवर पडलं होतं.

मी दुसरीकडे पाहायला लागलो. नाना पुढे झाले. "माझं हाय. जागा धरल्ती."

"अरे, ती माझी झोपायची खोली!"

"असंल. पन घोंगडं पडलं म्हंजी जागा आपली, आमच्याकडं रिवाज हाय हा. तुमी पाह्यजे तर बाजूला झोपा. माझी मालकीन हाय संगं, तिला टेकायला पाह्यजे."

आता हा माणूस आम्हाला समुद्रात टाकणार, अशी माझी खात्री झाली. तो घोंगड्याकडे पाहत राहिला, नानांच्या पटक्याकडे पाहत राहिला, आणि एकदम असा हसत सुटला की त्याला कठड्याला धरावं लागलं. मग त्याने आम्हाला स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीशी नेलं. तिथे त्याने आपली भांडी सरकवली. सावली, वाऱ्याला आडोसा, समोर सगळा समुद्र. अख्ख्या डेकवर अशी जागा नव्हती. "बिलकुल बराबर," नाना म्हणाले, जणू काही हे सगळं त्यांनी धाब्यावरूनच ठरवलं होतं.

बोट हलली आणि थोड्याच वेळात मला बोट लागली. एसटी लागणाऱ्या नानी मात्र टुणटुणीत! पाण्याकडे टक लावून, भाकरी आणि ठेचा खात बसल्या होत्या. मी घोंगड्यावर आडवा, डोळे मिटलेले. नाना पहारा देत होते. एका चाकरमान्याने नुसतं पाऊल टेकवलं तरी, "पाव्हनं, धरेल हाय." एका भटजींना त्यांनी उठवलं. एका हवालदारालाही उठवलं. आचारी मधूनमधून डोकावून हसून जात होता.

दुपार कलल्यावर बोट मधल्या एका बंदरासमोर थांबली. तिथे धक्का नव्हता. माणसं पडावातून, म्हणजे लहान होड्यांतून, बोटीपर्यंत यायची आणि शिडीने वर चढायची. त्यात एक बाई आली. पोट पुढे आलेलं, बरोबर म्हातारी सासू. वर येऊन तिने कठडा धरला आणि उभी राहिली. बसायला कुठेच जागा नव्हती, आणि तिने कोणाला मागितलीही नाही.

"ऊठ!"

मला वाटलं नाना दुसऱ्या कोणाला म्हणतात.

"मास्तर, ऊठ जल्दी! सरक तिकडं! अगं ऊठ तूबी!" नानांनी ट्रंक उचलून बाजूला आदळली, घोंगडं झटकलं, दुहेरी केलं, वर आपला पटका सोडून त्याची उशी केली. "ये माय, बस. पाय पसर. अशी उभी नको राहू. बस तू."

ती बाई बावरली. सासू म्हणाली, "अहो, थोडी टेकली तरी पुरे."

"थोडी न्हाई! समदी जागा तिची हाय." नानांचा आवाज चिरकला होता. ती टेकली, तसे नाना तरातरा लांब कठड्यापाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बोडकं डोकं, वाऱ्यात उडणारे पांढरे केस. मी ते पहिल्यांदाच पाहत होतो.

मी लटपटत नानींच्या शेजारी उभा राहिलो. "नानी, नानांना काय झालं हो?"

नानी समुद्राकडे बघतच बोलल्या. एवढं त्या माझ्याशी आधी कधी बोलल्या नव्हत्या आणि नंतरही नाही.

"सुमी आमची पहिली न्हाई, मास्तर. तिच्या आधी एक पोरगं व्हायचं होतं. सातवा सरत आल्ता. माझ्या माहेराहून आमी घरी येत होतो. लाकडी बाकाची गाडी, गच्च भरेल. मी उभी. रस्ता समदा खड्ड्याचा. माझ्या पोटात दुखाया लागलं. ह्यांना म्हनलं, कोनाला तरी उठ म्हना. हे तवा लई बुजरे होते हो. बाजारात भाव सुदिक मी सांगायची. तोंड उघडायचे, आन् मिटायचे. जीभच रेटली न्हाई. घर येईस्तोवर मी उभीच."

त्यांनी घोंगड्यावरच्या बाईकडे पाहिलं. "पोरगं गेलं. मी एक शब्द बोलले न्हाई, तेबी बोलले न्हाईत. पुढल्या बाजाराला जाताना गाडी आली, तर हे खिडकीतून आत घुसले. मी म्हनलं, हे काय येड लागलं? तवापासून हे असंच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बोट लागल्याचं नव्हतं. समोर ती बाई घोंगड्यावर डोळे मिटून पडली होती, आणि तिची सासू पदराने तिला वारा घालत होती.

दिवस मावळायच्या बेताला रत्नागिरी आली. इथेही पडावातूनच उतरायचं होतं. शिडी हलत होती, पडाव त्याहून जास्त हलत होता. मी नानींना हात दिला, त्यांनी तो न घेता सरळ पाय टाकला. ट्रंक आली, मी आलो, शेवटी नाना आले. किनारा जवळ यायला लागला तशी धक्क्यावरची माणसं दिसू लागली. नानींनी आधी ओळखलं. "सुमी!" त्या म्हणाल्या.

डॉक्टरने सांगितलेलं न ऐकता सुमी आली होती. नवऱ्याच्या खांद्याला धरून, दुसरा हात कमरेवर ठेवून, धक्क्याच्या अगदी टोकाला उभी होती. हात हलवत होती.

नाना ताडकन उठले. पडाव एकीकडे कलला, बायका किंचाळल्या.

"सुमे! बस! खाली बस आधी!"

"ओ, तुम्ही बसा! बुडवाल सगळ्यांना!" नावाडी ओरडला.

नानांच्या कानात काही शिरत नव्हतं. दोन्ही हात तोंडाशी धरून, पाण्यावरून, सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडत होते, "उभी नको राहू, माय! बस! तू बस!"

सुमीला आधी ते ऐकू येईना. ती हसत आणखी जोरात हात हलवत राहिली. मग जावयाला कळलं असावं. त्याने तिला हळूच धरून धक्क्याच्या पायरीवर बसवलं.

तेव्हा कुठे नाना बसले.