सोमाभाऊंचं कोनिग्सहुट्टे

पंचवटीत भाजीबाजाराकडे वळणाऱ्या एका गल्लीत गटाराचं एक लोखंडी झाकण होतं. तिथं आलं की सोमाभाऊ पायातल्या चपला काढत, झाकणाला वळसा घालत आणि पलीकडे जाऊन चपला पुन्हा घालत. आजूबाजूला इतकी देवळं, पण हा गृहस्थ मान द्यायचा तो गटाराला. बरोबरच्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होई, आणि तो माणूस बहुतेक वेळा मीच असे.

सातपूरच्या एका फाउंड्रीत मी स्टोअरला होतो, सोमाभाऊ मोल्डर. ओतकामाचे वाळूचे साचे करायचे. अंगानं वाळलेले आणि बोलण्यात त्याहून कोरडे. त्यांना हसताना मी पाहिलेलं नाही.

फाउंड्रीच्या फाटकाशी शिफ्टचे टोल द्यायला जुन्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. त्यावर परक्या लिपीतली अक्षरं उठलेली होती. एकदा एका इंजिनिअरसाहेबांनी ती वाचून दाखवली, ‘कोनिग्सहुट्टे’. म्हणजे राजाचा लोखंडाचा कारखाना. त्यावरून तिथल्या गावालाही जर्मन लोक तेच म्हणू लागले. पुढे ते गाव पोलंडमध्ये गेलं, नाव बदललं, आज नकाशात ते जुनं नाव सापडायचं नाही. एवढं सांगून साहेब चहाला गेले. आम्हीही गेलो. सोमाभाऊ मात्र रुळापाशीच उभे राहिले.

“नकाशानं टाकलं, अन् लोखंडानं धरून ठेवलं,” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून जे जे नाहीसं होई, त्याचं त्यांच्या तोंडी कोनिग्सहुट्टे होई. कोपऱ्यावरचं हॉटेल बंद पडलं, त्याचं कोनिग्सहुट्टे झालं. माझे केस गळायला लागले, तर भर कँटीनमध्ये माझ्या टाळूकडे बघून म्हणाले, “साहेब, अर्धं कोनिग्सहुट्टे झालं.” त्यांची बायको वारली तेव्हा मी भेटायला गेलो, तर तिथेही तोच शब्द. मला रागच आला होता.

मग कळलं की त्यांचं स्वतःचं गाव, पेठकडचं भोकरमाळ, सोमाभाऊ लहान असतानाच धरणाच्या पाण्यात गेलं होतं. “आमच्या गावाचं नाव तर लोखंडावरबी नाय,” ते म्हणायचे.

आणि या माणसानं ते लोखंडावर घातलं. आम्ही तेव्हा गटाराची झाकणं ओतत होतो. सोमाभाऊ साच्याच्या वाळूत खिळ्यानं हळूच ‘भोकरमाळ’ कोरू लागले. वाळूत उलटं कोरलं तर लोखंडावर सुलट येतं, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक. जन्मभर साचे करणारे सोमाभाऊ गावाचं नाव लिहिताना नेमकं तेवढं विसरले. पहिल्या झाकणांवर नाव आरशातल्यासारखं उलटं निघालं. कुणाला वाचता येईना, म्हणून ती खपून गेली. मग त्यांनी चूक सुधारली आणि लगेच पकडले गेले.

“ही भोकरमाळ कोण?” मालकांनी विचारलं. त्यांना बाईचा संशय.

“गाव हाय,” सोमाभाऊ म्हणाले. नोकरी गेली.

यंदा कुंभमेळ्यासाठी रस्ते खोदायला घेतले. जुनी झाकणं निघून भंगारात, तिथून पुन्हा भट्टीत जाऊ लागली. ‘भोकरमाळ’ कोरलेली सोमाभाऊंना माहीत होती ती एकेक करत गेली, पंचवटीतलं त्या गल्लीतलं तेवढं राहिलं. त्याच सुमारास त्यांची थोरली बहीण पेठ रस्त्याकडच्या पाड्यावर अंथरुणाला खिळली. तिची नजर कधीच गेली होती. आता अन्नही जात नव्हतं, आणि धोशा एकच, “सोम्या, मला भोकरमाळला ने.” पाण्याखाली कुठं नेणार?

ज्या झाकणाला कधी पाय लावला नाही, त्यावर सोमाभाऊ मांडी ठोकून बसले. समोर जेसीबी घरघरत होता. भाजीवाल्या बायका त्यांना उठा म्हणत होत्या आणि एकीकडे केळीही देत होत्या.

“काका, देवाचं हाय का ते?” मुकादम वैतागला.

“देवाचं नाय. बहिणीचं हाय.”

दिवस कलला तरी ते उठेनात, मी गाडी घेऊन बाजूला उभा. शेवटी मुकादमानंच माणसं लावून झाकण माझ्या गाडीच्या डिकीत चढवलं. गाडीचं मागचं अंग पार खाली बसलं. पाड्यापर्यंत सोमाभाऊ मागे वळून डिकीकडे बघत राहिले.

बहीण खाटेवर होती. अंगावर हाडांशिवाय काही उरलं नव्हतं. पाड्यावरच्या लोकांनी झाकण आत आणून खाटेला टेकवलं. सोमाभाऊंनी तिचा हात धरून अक्षरांवर ठेवला.

“बाई, भोकरमाळ.”

तिला लिहितावाचता येत नव्हतं. बोटं नुसती लोखंडावरून फिरत राहिली.

“लय थंड हाय रे,” ती म्हणाली. मग विचारलं, “यात आपलं घर कुठशी?”

सोमाभाऊंनी तिचं बोट अक्षरांवरून उचललं आणि झाकणाच्या कडेला, कोऱ्या लोखंडावर टेकवलं.

“हितं. नदीच्या अंगाला.”

“अन् आई गेल्यावर तिच्या नावानं रोवलेला दगड?”

त्यांनी बोट थोडंसं सरकवलं. “ह्यो काय. दारातच.”

तिनं तळहात त्या जागेवर पसरून ठेवला.

“मंग आता तू जा,” ती म्हणाली. “मी आईपाशी हाय.”