गंधवेध-पाच आणि वत्सलाबाईंचं नाक

कोणत्याही वस्तूवरची श्रद्धा टिकवायची असेल, तर ती वापरून बघू नये. आमच्या सातपूरच्या कंपनीचा पायाच या तत्त्वावर आहे. (मी तिथे भागधारक संपर्क अधिकारी, म्हणजे भागधारक ओरडायला लागले की चहा मागवणारा.)

आमचं उपकरण 'गंधवेध'. ते कांदा साठवायच्या चाळीत टांगायचं. कांदा सडू लागला की ते वास घेतं आणि मालकाच्या मोबाइलवर संदेश धाडतं. पहिलं मॉडेल आलं तेव्हा पार नामपूरपर्यंत झुंबड उडाली. मग दरवर्षी प्रगतीच होत गेली: दुसऱ्याला निळा दिवा, तिसऱ्याला दोन दिवे, चौथ्याला सनईची धून. पाचव्याचे कोपरे गोल केलेत. आमच्या पाहणीनुसार ९४ टक्के शेतकरी गंधवेधवर खूश आहेत. (उरलेल्या सहा टक्क्यांनी ते वापरलं होतं.)

तरीही परवाच्या वार्षिक सभेत कुजबुज सुरू झाली की लोकांची हौस फिटली. म्हणून संचालक धनराजसाहेबांनी स्टेजवर सडक्या कांद्यांचं पोतं ठेवून प्रात्यक्षिकच दाखवलं. गंधवेध-पाचने सनई वाजवली, 'माल उत्तम आहे' असं कळवलं आणि अपडेट मागितलं. तोवर पहिल्या रांगेतल्या सगळ्यांचे रुमाल नाकाला लागले होते.

शेवटच्या रांगेतून नामपूरच्या वत्सलाबाई उठल्या. गेल्या वर्षीचा कांदा विकून आलेले सगळे पैसे त्यांनी आमच्या शेअर्समध्ये घातलेले, आणि आता नातीची नर्सिंगची फी भरायची होती.

"माले नाक शे ना, भाऊ! हाई यंत्र कशाले? मना पैसा परत दे!"

साहेब जराही डगमगले नाहीत. त्यांनी सभेला विचारलं, "पाचवं मॉडेल कोणी कोणी घेतलं?" एकही हात वर आला नाही. "आणि दुसरे लोक घेतील, असं कोणाला वाटतं?" झाडून सगळे हात वर! उत्पादन दुप्पट करण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

वत्सलाबाईंचा हात तेवढा खाली होता. पण नियम म्हणजे नियम: शेअर विकायचे, तर गिऱ्हाईक ज्याचं त्याने आणायचं. मला बाईंचं खरंच वाईट वाटलं, म्हणून ते मीच शोधतोय. शिक्षणाची अट नाही. यंत्र चालत नाही हे ठाऊक असलं तरी हरकत नाही. फक्त हे सगळं ऐकूनही 'मग आता शेअर स्वस्तात मिळत असेल, नाही?' असं ज्याच्या मनात येईल, तो माणूस हवा.

आलं ना मनात? अहो, लाजताय काय! फॉर्म भरा पटकन. वत्सलाबाई बाहेर बाकावर बसल्यात.