तातोबाअण्णांचे नऊ प्रश्न

आष्ट्याच्या आमच्या तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद त्याची मान दाबून बघायचे आणि तातोबाअण्णा त्याच्या हातात कागद द्यायचे. लंगोट नंतर, कागद आधी.

अण्णा फौजेतून हवालदार होऊन परतलेले. सगळी नोकरी मिलिटरी दवाखान्यात, आजारी जवानांच्या उशाशी. तिथला एक डॉक्टर म्हणे अन्न टाकलेल्या जवानांना कागद द्यायचा आणि सांगायचा, तुझं तूच लिहून दे. ते अण्णांच्या डोक्यात पक्कं बसलं. पेन्शनीत आल्यावर तालमीच्या खुराकाचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं आणि कार्बन घालून नऊ प्रश्नांचे कागद तयार केले. रोज दूध किती पिता? पोट भरल्यावरबी खाता काय? चोरून खाता काय? खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकता काय? असे. दर सोमवारी कागद भरायचा. कुणी तोंडी सांगायला गेला की मिशीला पीळ देत म्हणायचे, "तोंडी रिपोट चालायचा न्हाई. लिवून दे. सच बोलने का, जवान!"

आता पैलवानाला खाण्याबद्दल विचारलं तर तो खरं सांगेल होय? आम्ही तो कागद म्हणजे फडातली कुस्तीच समजलो. एकानं दोन शेर दूध लिहिलं की दुसरा चार लिहायचा. सगळ्यांचं खरं धरलं असतं तर आष्ट्यात चहालासुद्धा दूध उरलं नसतं. खरं लिहायचा एकटा इस्माईल मुलाणी. पोट भरल्यावर खाता काय, यावर त्यानं लिहिलं, 'अजून भरलं न्हाई, भरल्यावर कळवतो.' चोरून खाता काय, यावर लिहिलं, 'व्हय, तुमच्या खोलीतले बदाम.' अण्णांनी त्याला शाब्बासकी दिली आणि खोलीला कुलूप घातलं.

जेवणाच्या वेळी अण्णा पंगतीतून हात मागं बांधून फिरायचे. "बसा की अण्णा," म्हटलं तर, "ड्युटीवर जवान जेवत न्हाई." आम्ही हसायचो. रोजचंच होतं ते.

त्या साली, शहात्तरच्या सुमाराला, जिल्ह्याची निवड तोंडावर आली होती. माझं वजन सदुसष्ट किलो आणि नाव दिलेलं बासष्टच्या गटात. पोरगा निवडून येणारच, असं वडिलांनी गावभर सांगून ठेवलं होतं. मग मी सगळ्यांदेखत भरपूर जेवायचो आणि मागच्या उसात जाऊन ओकून यायचो. वजन उतरत होतं. कागदावर मात्र सगळीकडे 'न्हाई'.

अण्णांनी कागद वाचला, माझ्याकडं बघितलं. "एवढा निरोगी गडी मी फौजेतबी बघितला न्हाई," एवढंच म्हणाले.

चार दिवसांनी लढत करताना मला भोवळ आली आणि मी मातीत आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा अण्णा उशाशी बसलेले. हातात दोन कागद, एक कोरा, एक भरलेला.

"आदुगर ह्यो वाच. माजा हाय."

मी वाचू लागलो. चोरून खाता काय? 'व्हय. लोकांसमोर घास उतरत न्हाई.' ताटावर बसू वाटत न्हाई काय? 'व्हय. हौसा गेल्यापास्नं ताट मांडलं न्हाई. सा वर्सं झाली. चुलीपाशी हुभ्यानं खातो.'

हौसाकाकी म्हणजे त्यांची बायको. सहा वर्षं हा माणूस आमची ताटं राखत फिरत होता आणि आमच्यातल्या एकालाही कळलं नव्हतं. मिशीला पीळ देणाऱ्या त्या हवालदारानं आपली लाज स्वतःच्या हातानं लिहून एका पोरापुढं धरली होती. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडू आलं.

मी कोरा कागद घेतला आणि ओकण्याच्या प्रश्नापुढं लिहिलं, 'व्हय. रोज.'

अण्णांनी वाचून घडी घातली. "शाब्बास रं माज्या वाघा," म्हणाले. कुस्ती मारल्यावरही मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एसटीनं मला सांगलीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. वडिलांना त्यांनीच समजावलं. मला बरं व्हायला पुष्कळ महिने लागले. पुढं मी अडुसष्टच्या गटात उतरलो आणि पहिल्याच कुस्तीत चितपट झालो. अण्णा तरी बाजारात छाती काढून सांगत होते, "पडला, पर खरा रिपोट दिला गड्यानं!"

पण त्याच्या आधीची, सांगलीहून परतलो त्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. पंगत बसली होती, अण्णा नेहमीसारखे फिरत होते. मी माझ्याशेजारी एक ताट मांडलं.

"आवं अण्णा, ड्युटी संपली. बसा आता."

ते बराच वेळ ताटाकडं बघत उभे राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून खाली बसले. भाकरी मोडली, पण घास काही तोंडापर्यंत जाईना. त्यांचा पहिला घास उतरेपर्यंत पंधरा भुकेले पैलवान, इस्माईलसकट, हात आवरून बसून राहिले.