दंतवैद्याचं डावं पेडल

ओदिलोन फेरमेर्श दातांचा डॉक्टर होता, पण त्या वसंतात त्याला दातांपेक्षा पेडलांनीच जास्त छळलं. रविवारी रेसिंग सायकलवरून भटकून आला की डाव्या पायाचा तळवा जळायचा. जुनी पेडलं इवलीशी. चढावर जोर लावला की पाय डुगडुगायचा. मग दुसऱ्यांचे पाय कसे स्थिर राहतात, हे तो भेटेल त्याला विचारत सुटला. खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटलाही त्याने सोडलं नाही.

"तुमची पेडलं कुठली हो? रुंद आहेत का?"

"आँ... आँ..."

"रुंद! मला वाटलंच."

शेवटी तो नेलेच्या सायकलच्या दुकानात गेला. नेलेने विचारलं, "पायाला नेमकं कसं वाटायला हवंय?"

"फरशीवर उभं राहिल्यासारखं. घट्ट."

"मग ही रुंद बैठकीची घ्या. बुटाच्या तळाला हा प्लास्टिकचा खुर बसतो. तो पेडलमध्ये क्लिक करून अडकतो, आणि टाच बाहेर फिरवली की सुटतो. खुर मी बसवून देऊ का?"

"अहो, मी रोज लोकांच्या जबड्यात याहून बारीक स्क्रू बसवतो," ओदिलोन म्हणाला.

घरी त्याने खुर बसवलेही. मात्र जागा नीट जमली की नाही ते चालवून पाहावं, मग आवळावं, म्हणून स्क्रू थोडे सैलच ठेवले. आणि मग आवळायचं राहूनच गेलं.

रविवारी तो मार्निक्सबरोबर निघाला. मार्निक्स त्याचा शाळेपासूनचा दोस्त. गावातल्या अंत्यविधींची सगळी व्यवस्था तोच बघायचा.

"काय बैठक आहे रे!" ओदिलोन हरखून गेला होता. "पाय जरा म्हणून हलत नाही!"

"मग तोंड का हलतंय? चढ आला," मार्निक्स म्हणाला.

चढ दगडी फरसबंदीचा होता. दात खुळखुळतील असे धक्के बसत होते. त्यात डाव्या बुटाचे दोन स्क्रू कुठल्या कुठे उडून गेले. वर सिमोन बाईच्या कॅफेपाशी थांबताना ओदिलोनने डावी टाच बाहेर फिरवली. टाच फिरली, बूट फिरला, पण एकाच स्क्रूवर लटकलेला खुर पेडलमध्ये होता तिथेच राहिला. ओदिलोन क्षणभर हवेत तरंगला आणि डाव्या अंगाने सावकाश आडवा झाला. उजवा पाय सुटला. डावा अडकलेलाच, आणि बुटाला नाडीऐवजी असलेली तार सैल करायची चकती दगडावर आपटून चेपली.

"टाच फिरव," मार्निक्स म्हणाला.

"फिरवतोय की! अजून फिरवली तर मी मागे तोंड करून चालायला लागेन."

सिमोन बाई पाव कापायची सुरी घेऊन धावत आली. ओदिलोन ओरडला, "बुटाला हात लावायचा नाही! बायकोने, ग्रीतने, मला पन्नाशीला दिलेत."

"बरं, मग पेडलच काढू सायकलीपासून," मार्निक्स म्हणाला. सिमोनकडून पाना आणून त्याने सगळा भार टाकून ओढला. चेहरा लालबुंद झाला. पेडल ढिम्म हललं नाही.

"मार्निक्स," ओदिलोन आडवा पडल्या पडल्या विचारात पडला, "डाव्या पेडलचे आटे उलटे असतात का रे?"

मार्निक्स थांबला. "हे आत्ता सांगतोस? मग मी मघापासून आवळतोय!"

आता ते पेडल कुणाच्या बापाला सुटणार नव्हतं. सायकलसकट आडवा माणूस मावेल अशी गाडी मार्निक्सकडे एकच होती. तो खाली जाऊन शववाहिका घेऊन आला, आणि येताना सायकलच्या कपड्यांवर काळा कोटही चढवून आला.

"कोट कशाला?"

"त्याशिवाय ही गाडी चालवायला हात वळत नाही."

ओदिलोन उताणा, छातीवर सायकल, अशी स्वारी निघाली. सवयीने मार्निक्स अगदी हळू चालवत होता. चर्च नुकतंच सुटलं होतं. लोकांनी टोप्या काढल्या. "अरे देवा, हा तर आपला डॉक्टर!" म्हणत कुणी छातीवर क्रूसाची खूण केली. काचेतून ओळखीचे चेहरे दिसल्यावर काहीच न करणं बरं दिसेना, म्हणून ओदिलोनने हात हलवला. फिलोमेना बाई मात्र तोवर डोळे मिटून मटकन चर्चच्या पायरीवर बसली होती.

ग्रीत फाटकात उभी होती. दारात येऊन थांबलेली ती गाडी पाहून तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. मार्निक्सने मागचं दार उघडलं.

"ग्रीत," आतून आवाज आला, "बुटांना काहीही झालेलं नाही."

ग्रीतने बागेतली कात्री आणली आणि कट्‌कन बुटाची तार तोडली. पाय बाहेर आला. मग तिने नवऱ्याच्या दंडावर जोरात फटका मारला आणि त्याच दंडाला धरून रडली.

"बुटांसाठी मला विधवा करायला निघाला होतास?"

"तू दिले होतेस म्हणून..."

"मूर्खा! जा, पायाला बर्फ लाव."

ओदिलोन लंगडत आत गेला. मार्निक्स सायकल भिंतीला टेकवून जेवायला घरी पळाला. अंगणात ग्रीत आणि ती सायकल, दोघीच उरल्या. एवढं काय आहे या पेडलात, म्हणून तिने पेडलला चिकटलेल्या त्या मोकळ्या बुटात पाय घातला. मग दुसराही पाय ठेवून पाहिला. खरंच, फरशीवर उभं राहिल्यासारखं! तिने अंगणात एक चक्कर मारली. मग दुसरी. तिसरीला ती खळखळून हसायला लागली.

एवढ्यात फाटकाशी फिलोमेना बाई आणि तिची बहीण येऊन थांबल्या. दोघी काळ्या कपड्यांत, हातात दुःखाच्या घरी द्यायला आणलेला खिरीचा टार्ट. अंगणात नुकतीच विधवा झालेली ग्रीत केस उडवत, हसत गोल गोल फिरत होती.

"या ना आत!" ती ओरडली. "एवढी एक चक्कर मारून आले!"

फिलोमेनाने बहिणीचा हात घट्ट धरला.

"अगं," ती कुजबुजली, "हिला अजून कुणी सांगितलेलंच दिसत नाही."