आण्णाप्पांची रक्षा

न्याहारी उरकून आण्णाप्पा कॉम्प्युटरसमोर बसले आणि आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायला लागले. कॉम्प्युटर म्हणाला, थांबा, अपडेट सुरू आहे, बंद करू नका. काल पण तो हेच म्हणाला होता. परवा पण.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या मागं दर नोव्हेंबरात एक काम लागतं. मी अजून आहे, हे सरकारला कळवायचं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. महिना संपायच्या आत तो गेला नाही तर पेन्शन थांबते, आणि एकदा थांबलेली पेन्शन पुन्हा चालू करून घेणं म्हणजे रुसून गेलेल्या जावयाला पंगतीला आणून बसवणं. आण्णाप्पांनी स्वतः जन्मभर सरकारी कारकुनी केली होती, त्यामुळं त्यांना ह्याची पुरती कल्पना होती. महिना उद्या संपत होता.

एरवी ते हिंडलग्याहून बसनं बेळगावच्या कॅम्पातल्या कचेरीत जायचे आणि रांगेत उभे राहायचे. यंदा गुडघा उभा राहू देईना. म्हणून बेंगळूरच्या मुलानं, विनोदनं, आपला जुना कॉम्प्युटर आणि अंगठ्याचं एक मशीन घरी आणून ठेवलं. "आप्पा, घरबसल्या अंगठा लावायचा, झालं," असं सांगून तो गेला. पोरं 'झालं' म्हणतात, तिथून पुढं आईबापांचं सुरू होतं.

पहिला दिवस अपडेटनं खाल्ला. बंद करू नका म्हटल्यावर आण्णाप्पांनी बंद केलं नाही. वायर निघेल म्हणून मंगलबाईंना त्या बोर्डावर मिक्सरसुद्धा लावू दिला नाही, आणि दुपारी बिनचटणीचं जेवले. दुसऱ्या दिवशी अपडेट पूर्ण झालं, आणि पूर्ण झाल्या झाल्या दुसरं अपडेट आलंय असं कळलं. तेही दुपारपर्यंत सोसून झालं, तेव्हा रक्षा जागी झाली.

रक्षा म्हणजे विनोदनं कॉम्प्युटरमध्ये घालून दिलेली राखण. बाहेरचा चोर आत येऊ नये म्हणून असते ती. लांबच्या कुठल्या तरी शहरातल्या शहाण्यांनी बसून तिचं नाव ठेवलेलं. आपल्या भागातला एक जरी माणूस त्या बैठकीला असता, तरी त्यानं ते नाव ठेवू दिलं नसतं. तर ह्या रक्षानं अंगठ्याच्या मशीनलाच चोर ठरवलं. आण्णाप्पांनी अंगठा ठेवला की लाल चौकट यायची: धोकादायक वस्तू रोखली आहे, तुम्ही सुरक्षित आहात. अंगठा पुसून ठेवला, लिंबू लावून ठेवला, शेवटी डाव्या हाताचा ठेवला. उभ्या आयुष्यात त्यांना इतक्या वेळा कुणी सुरक्षित म्हटलं नव्हतं. आज तिसऱ्या दिवशी सकाळचं अपडेट आवरल्यावर चौकट बदलली: तुमची रक्षा संपली आहे, आजच नवी करा.

"अवो, मरू द्या ते," मंगलबाई केर काढता काढता म्हणाल्या. "रिक्षा करून हापिसात जाऊया की."

"रिक्षा झाली तरी रांग हायच की गं. गुडघ्याचं काय करू?"

त्यांनी कॅम्पातल्या समर्थला फोन लावला. समर्थचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तो म्हणाला, काका, तुमची जुनी रक्षा काढून नवी टाकावी लागंल, उद्या सकाळी नऊला येतो. हिंडलग्यात आणि कुणाची करायची असली तर विचारून ठेवा, एका खेपेत उरकून टाकतो. आण्णाप्पांना हे पटलं. पोरगा येतोच आहे, तर चार जणांचं भलं होईल.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं ग्रुपवर साधं लिहिलं असतं. पण आण्णाप्पांचा हात नोटिशी लिहून घडलेला. त्या हाताला 'मी', 'माझं' लिहिताच यायचं नाही. त्यांनी चष्मा पुसून लिहिलं: "सर्वांस कळविण्यात येते की, श्री. आण्णाप्पा नागोजी मोदगेकर यांची रक्षा उद्या सकाळी ठीक नऊ वाजता राहत्या घरी आहे. इच्छुकांनी वेळेवर उपस्थित राहावे." ही नोटीस त्यांनी गल्लीच्या ग्रुपवर टाकली, भावकीच्या टाकली, निवृत्त कर्मचारी संघाच्याही टाकली. ती गेली, आणि लगेच फोननं विचारलं, अपडेट करू का? आण्णाप्पा इतके विटले होते की होय म्हणून मोकळे झाले. फोन काळा पडला, मधोमध एक चाक फिरायला लागलं आणि ते रात्रभर फिरत राहिलं.

आता रक्षा ह्या शब्दाचं सांगायलाच पाहिजे. पुण्यामुंबईकडं रक्षा म्हणजे रक्षण. निपाणीपासून बेळगावपर्यंत मात्र माणूस गेला की तिसऱ्या दिवशी स्मशानात राख गोळा करतात, त्याच्या आवडीचं पान मांडतात आणि कावळ्याची वाट बघत बसतात, त्याला रक्षा म्हणतात. अमक्याची रक्षा नऊला, असं कानावर आलं की इकडचा माणूस आधी पांढरी टोपी शोधतो. आण्णाप्पाही इकडचेच. पण त्या कॉम्प्युटरनं त्यांचं डोकं असं काही पिकवलं होतं की त्यांना दुसरा अर्थ आठवलाच नाही. लोकांनी नोटीस वाचली. मेसेज त्यांच्याच फोनवरून आलाय म्हणजे पोरानं टाकला असणार, मातीचं कळवायचं गडबडीत राहून गेलं असणार, असं ठरलं. ज्यांनी फोन करून बघितला त्यांना तो बंद लागला. मग कुणाच्या मनात शंका उरली नाही.

सकाळी आण्णाप्पांनी खिडकीतून बघितलं तर अंगणात भिंतीकडेनं भावकीतली माणसं ओळीनं बसलेली. डोक्यावर पांढऱ्या टोप्या. इतक्या घरांत कॉम्प्युटर आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. "लई जणांची संपलीया की गं," ते मंगलबाईंना म्हणाले, आणि त्यांना सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितला. चहा झाल्यावर कपबशा घेऊन ते स्वतः बाहेर गेले. टोपीवाल्यांनी त्यांच्याकडं बघितलं, मग एकमेकांकडं बघितलं.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. निपाणीहून त्यांची थोरली बहीण अक्काताई आली होती, रडतच. काखेत डबा होता. ती कुणाकडं न बघता थेट दारातल्या मंगलबाईंपुढं गेली आणि तिनं मोठ्यांदा सुरू केलं. भाऊ गेला, माती झाली, तरी बहिणीला कळवायचं सुचलं नाही का? तोंड तरी बघू द्यायचं हुतं. रक्षाचं तेवढं बरं कळवलं, आणि तेही मोबाइलवर. मंगलबाईंना काहीच उमगेना, त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

"आक्का, च्या घे," आण्णाप्पा मागून म्हणाले.

अक्काताईनं कप घेतला, एक घोट घेतला, आणखी दोन वाक्यं मंगलबाईंना सुनावली, आणि मग कप कुणी दिला हे बघितलं.

उलगडा व्हायला बराच वेळ गेला. कॉम्प्युटरचीही रक्षा असते हे अक्काताईला काही केल्या पटेना. तिचं म्हणणं एकच. "जिता हाईस तर आपलीच रक्षा कशाला घातलीस रं?" कावळ्यासाठी आणलेली जिलेबी तिनं डब्यासकट चुलत्यांपुढं आदळली. हळूहळू टोप्या डोक्यावरून उतरल्या आणि अंगणात हसू पसरलं. निवृत्त संघाचा सेक्रेटरी नागेंद्र तेवढा हसत नव्हता. तो कोपऱ्यात हार हातात धरून उभा होता.

"आण्णा, माझ्याकडनं एक झालंय," तो म्हणाला.

नागेंद्रला एक अभिमान होता. संघातला माणूस गेला की त्याच्या बायकोला एकही हेलपाटा मारू न देता तो तिची पेन्शन सुरू करून द्यायचा. मेसेज वाचल्याबरोबर त्याचे डोळे भरून आले होते, आणि भरल्या डोळ्यांनी त्यानं ऑनलाइन कळवून टाकलं होतं की आण्णाप्पा मोदगेकर वारले. त्याला अंगठा लागला नाही. अपडेट आडवं आलं नाही. एका बोटात काम झालं. "साइट लई चांगली केलीया आता," तो अपराधी आवाजात म्हणाला.

एवढ्यात समर्थ आला. माणसं बघून तो दबकला, पण कामाला लागला. त्यानं जुनी रक्षा काढली, नवी घातली, अंगठ्याचं मशीन हा चोर नाही असं तिला समजावून सांगितलं. आण्णाप्पांनी अंगठा ठेवला. पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा लागला. त्यांना इतका आनंद झाला की गुडघा विसरून ते उभे राहिले. मग पडद्यावर ओळ आली: क्षमस्व, पेन्शनधारक मृत आहेत.

शेवटचा दिवस. आल्यासारखी सगळी भावकी टोप्या चढवून टेंपोत बसली आणि आण्णाप्पांना मधे घालून कॅम्पात गेली. कचेरीतला माणूस वाईट नव्हता. त्यानं आण्णाप्पांना बसायला खुर्ची दिली, त्यांचा अंगठा घेतला, पुन्हा घेतला, आणि हात टेकले. मेलेल्या माणसाचा अंगठा सिस्टीम घेतच नाही, म्हणाला. कुणी तरी तसं केलं होतं म्हणे, तेव्हापासनं बंद केलंय. आता एकच वाट. मृत्यूची सूचना आली की वारसाला बोलावून विचारतात, खरं की खोटं. वारसानं आत जायचं, एकट्यानं. बाकी कुणी नाही, आणि मयत तर मुळीच नाही.

आत जायच्या आधी नागेंद्रनं मंगलबाईंना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे आण्णाप्पांना ऐकू येईल इतपतच. "वैनी, मी काय म्हणतो, आत होय म्हणून टाका. म्हंजी निम्मी का हुईना, पुढच्या महिन्यापास्नं तुमची चालू. न्हाय म्हटलं की चौकशी, फाइल, कवा सुटंल सांगता येत न्हाय. आण्णांचं जिवंत व्हायचं आपण सावकाश बघू."

आण्णाप्पांच्या डोक्यातल्या कारकुनानं ह्यावर विचार केला. सल्ला चुकीचा नव्हता. अडकलेली फाइल काय असते, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते स्वतः टेबलामागं असते तर त्यांनीही हेच सुचवलं असतं. आणि सुचवलेलं खरंच शहाणपणाचं आहे, ह्याचंच त्यांना फार वाईट वाटलं. मंगलबाईंकडं बघायचा धीर त्यांना झाला नाही. त्या पिशवी सावरून आत गेल्या.

वारसांच्या खोलीला व्हरांड्याकडून एक खिडकी होती. आण्णाप्पा गजांना धरून उभे राहिले. आत एक मॅडम होत्या. रोज विधवांशी बोलून त्यांचा आवाज मऊ झाला होता. त्यांनी मंगलबाईंना पाणी दिलं, दारातून बाहेरच्या पांढऱ्या टोप्या बघितल्या, आणि हळूच कन्नडमधून विचारलं, "यजमान तीरकोंडारेन्री?" म्हणजे, मालक गेले का?

"इल्ला," मंगलबाई म्हणाल्या.

आता कन्नडमध्ये इल्ला म्हणजे नाही. पण माणूस आता नाही, गेला, हेही इल्लाच. मॅडमनी दुसरं धरलं. "अय्यो पापा," म्हणजे अरेरे बिचारी, असं म्हणत त्यांनी डोळे मिटले आणि त्यांचा हात 'होय'च्या बटणाकडं सरकला. आण्णाप्पांनी ओरडायला तोंड उघडलं. पण तीन दिवसांचा शीण एकदम त्यांच्या अंगावर आला. जाऊ दे, असं त्यांना वाटून गेलं. मेलेल्या माणसाला निदान अपडेट तरी करावं लागत नाही.

मंगलबाईंनी टेबलावरून हात घालून मॅडमचं मनगट धरलं.

"अदारऽ," त्या म्हणाल्या. आहेत. मग कन्नड पुरेना म्हणून मराठीतच बोलल्या. "ते बगा, खिडकीत हुबं हाईत. गुडगा दुकतोय त्यांचा. पेन्शन चालू करा न्हाय तर ऱ्हाऊ द्या, मला माणूस घरी न्यायचाय."

मॅडमनी खिडकीकडं बघितलं. मग मंगलबाईंच्या कपाळावरचं कुंकू बघितलं. मग बराच वेळ पडद्याकडं. त्या खोलीत बसून त्यांची कितीतरी वर्षं गेली होती आणि आजवर कुणीही त्या प्रश्नाला 'नाही' म्हटलं नव्हतं. ते बटण चालतं की नाही हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी भीत भीत ते दाबलं.

चाललं. चौकशी नाही, फाइल नाही. पलीकडच्या मशीनमधून एक कागद निघाला. मॅडम तो घेऊन स्वतः व्हरांड्यात आल्या आणि मंगलबाईंच्या हातात देऊन गेल्या. कागद कन्नडमध्ये होता, म्हणून नागेंद्रनं मान वाकडी करून सगळ्यांना वाचून दाखवला. वर आण्णाप्पांचं नाव होतं. खाली शेरा होता: पत्नीच्या सांगण्यावरून पेन्शनधारक हयात आहेत.

आण्णाप्पा व्हरांड्यातल्या बाकावर बसले. त्यांचे डोळे ओले झाले होते, ते त्यांनी पुसायचं ठरवलं आणि मग पुसले नाहीत. थोड्या वेळानं त्यांना कारकुनी आठवली.

"मुदत कुठवर हाय गं त्येची?" त्यांनी विचारलं.

मंगलबाईंनी कागदाची घडी केली आणि आपल्या पिशवीत ठेवली.

"मी सांगीन तवर," त्या म्हणाल्या.