खुर्चीतली दुसरी आई

"माझं तोंड कचऱ्यात जाणार नाही!" रिटेकच्या आईनं एवढंच ठरवलं आणि घराची शांतता गेली ती गेलीच.

तोंड म्हणजे अगदी खरं तोंड नव्हे. आई एका मालिकेची नायिका होती आणि त्या नायिकेला तिच्या दिरानं गच्चीवरून ढकललं होतं. (ती मेली नाही. मालिकेतली माणसं असल्या किरकोळ कारणांनी मरत नाहीत.) आता खऱ्या आईला ढकललं तर मालिकाच बंद पडायची. म्हणून तिच्या चेहऱ्यावर प्लास्टर थापून साचा काढला आणि हुबेहूब डमी बनवली. रबराची कातडी, खऱ्या केसांचा टोप, काचेचे डोळे, हनुवटीवर आईचाच तीळ, अंगात आईसारखाच निळा झगा. डमी पडली, शॉट ओके झाला आणि सेटवरचे लोक तिला उचलून भंगारात टाकायला निघाले. तेव्हा आई आडवी आली, डमीला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि घरी घेऊन आली. मागच्या सीटवर रिटेक होती. घर येईपर्यंत ती दोन सारख्या मानांकडे आळीपाळीनं बघत होती.

रिटेक हे नाव लाइटवाल्यांनी ठेवलेलं. पोरगी चालायला शिकली ती सेटवर, आणि पडली की पुन्हा पहिल्या जागेवर जाऊन सुरुवात करायची. कोर्टाच्या सेटवर आरोपीच्या पिंजऱ्यात बसून तिनं बाराखडी गिरवली, हॉस्पिटलच्या सेटवर गोवर काढला. दार उघडलं की पलीकडे खोली असेलच असं नाही, हे तिला पाढ्यांच्या आधी कळलं होतं. अशी पोर सहसा कशाला घाबरत नाही.

घाबरायचं खातं बाबांकडे होतं. बाबा सिनेमात भुताची कामं करायचे. (आणि घरात झुरळ दिसलं की स्टुलावर चढायचे.) त्या संध्याकाळी ते घरी आले, तेव्हा आई अंघोळीला गेली होती आणि डमी सोफ्यावर बसली होती.

"दमलीस?" बाबांनी विचारलं. उत्तर नाही. "रागावलीस? बरं बाई, गाडीचा आरसा मीच फोडला." तरी गप्प. "तुझ्या बहिणीला तू आजारी आहेस असं मीच सांगितलं, ती राहायला येऊ नये म्हणून." तरीही गप्प. बाबांचा धीर सुटला. "आणि तुला बक्षीस मिळालेल्या त्या बाहुलीचा हात..."

"हाताचं काय झालं?" आईनं केस पुसत मागून विचारलं.

बाबांनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि स्टूल शोधू लागले.

तेव्हापासून ते डमीला 'धाकटी' म्हणत. (आई घरात नसताना.) आणि धाकटीची रवानगी मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत झाली. रिटेक तिथंच अभ्यास करायची.

पडताना डमीचा एक डोळा थोडा सरकला होता. एक डोळा तुमच्याकडे बघायचा आणि दुसरा तुमच्या मागं उभ्या असलेल्या कुणाकडे तरी. दुपारी ऊन आलं की रबर तापायचं आणि हात माणसाच्या हातासारखा उबदार लागायचा. कामाच्या मावशी तर उंबऱ्याबाहेरूनच, झाडू पोचेल तेवढंच झाडायच्या.

"ती बघते," त्या म्हणाल्या.

"मावशी, ती रबराची आहे."

"रबराची आहे गं. पण बघते."

रिटेकला आधी हसू आलं. मग हळूहळू ती डमीशी बोलायला लागली. खरी आई सकाळी मेकअपला जायची ती रात्री मेकअप उतरवूनच भेटायची, आणि काही सांगायला जावं तर हातात उद्याचे संवाद. "एक मिनिट हं, राणी." ते मिनिट पुढच्या आठवड्यात संपायचं. धाकटी मात्र ऐकायची. वर्गात झालेलं भांडण, गणितात उडालेली दांडी, सगळं. सल्ला नाही, उपदेश नाही. असली आई कुणाला नको असेल?

मग एक दिवस डमीची मान फिरलेली दिसली. सकाळी तोंड खिडकीकडे होतं, दुपारी दाराकडे.

"बाबा, तुम्ही हलवलीत?"

"मी? मी कशाला त्या खोलीत जातोय!" बाबा इतक्या घाईनं म्हणाले की त्यांनाच ठसका लागला.

आई म्हणाली, "मला स्वतःची मान वळवायला वेळ नाही, तिची कुठून वळवू?"

रिटेक सेटवर वाढलेली. नटानं कुठं उभं राहायचं हे दाखवायला जमिनीवर चिकटपट्टी लावतात, तशी तिनं डमीच्या पावलांभोवती लावली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बघते तर पावलं पट्टीच्या बाहेर. तिनं ती पुन्हा आत ठेवली. पुन्हा बाहेर. एकदा तर डमीचा हात रिटेकच्या अभ्यासाच्या खुर्चीच्या पाठीवर होता, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. आणि ज्या दिवशी हवेत गारवा आला, त्या दिवशी धाकटीच्या खांद्यांवर व्यवस्थित पांघरलेली शाल होती.

रिटेक आता खुर्ची दाराजवळ ओढून बसू लागली. पण गंमत अशी, की बोलायला दुसरं होतं कोण? भीती वाटायची तीही ती डमीलाच सांगायची.

त्यातच मालिकेत नायिकेला एक हरवलेली मुलगी सापडायची ठरली, आणि ती मुलगी म्हणून रिटेकच उभी राहणार, हे आईनं सगळ्या जगाला सांगून टाकलं. आई हरखून गेली होती. "आता दिवसभर आपण बरोबर!" रिटेकनं मान डोलावली. त्या रात्री ती जेवली नाही.

सोमवारी शूटिंग सुरू व्हायचं होतं. शुक्रवारी दुपारी ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि डमीच्या पायाशी जाऊन बसली. ऊन मागून येत होतं, चेहरा सावलीत होता. तिनं डमीचा हात हातात घेतला. गरम होता. रोजच असायचा.

"मला नाही करायचं काम," ती म्हणाली. "परवा टेस्ट घेतली ना, तेव्हा कॅमेरा माझ्याकडे बघायला लागला आणि माझे पाय शिशाचे झाले. आईला सांगितलं तर ती रडेल. आणि तिचं खरं रडणं कुठलं नि खोटं कुठलं, मला ओळखता येत नाही गं. मी खूप बघितलंय."

खोलीत काही हललं नाही. फक्त डमीच्या गालावरून, तिळाला वळसा घालून, एक थेंब खाली आला.

रिटेक ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो, तो नव्हताच. ती बसल्या बसल्या मागं सरकत भिंतीपर्यंत गेली. डमीनं मान वळवली. दोन्ही डोळे सरळ होते. दोन्ही तिच्याकडेच बघत होते.

"हे खरं आहे," डमी म्हणाली. "रडणं."

"आ... आई?"

"मीच गं. सकाळी टेम्पो येऊन तिला घेऊन गेला. पडण्याचा सीन पुन्हा हवा होता, तो तिनंच केला आणि मला लवकर सोडलं. झगासुद्धा बदलला नाही. इथं ऊन छान होतं, डोळा लागला." आईनं नाक पुसलं. "जागी झाले तेव्हा तू बोलत होतीस. म्हटलं, हललं तर थांबशील. मला का नाही सांगितलंस?"

"तू 'एक मिनिट' म्हणतेस."

"आणि ती काय म्हणते?"

"ती काहीच म्हणत नाही."

आईनं पोरीला जवळ ओढलं. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. आईनं ओठांवर बोट ठेवलं, रिटेकला खुर्चीमागं ढकललं आणि डमी होऊन बसली.

बाबा चोरपावलांनी आत आले. हातात कागद. एक गुडघा टेकून त्यांनी डोळे मिटले. "प्रिये, तुझ्याविना हे आयुष्य म्हणजे ओसाड... ओसाड..."

"माळरान," डमी म्हणाली. "आणि आधी डोळे उघड."

बाबांनी अशी किंकाळी फोडली की तशीच मिळावी म्हणून आजवर किती तरी दिग्दर्शकांनी त्यांच्या हातापाया पडून बघितलं होतं. पाणी पाजून त्यांना माणसांत आणलं, तेव्हा कुठं सगळं बाहेर आलं. त्यांना जन्मात पहिल्यांदा जिवंत माणसाची भूमिका मिळाली होती, तीही प्रियकराची. बायकोसमोर तालीम करायची लाज वाटत होती, म्हणून धाकटीसमोर चालली होती.

"मान मीच फिरवायचो. मी दारातून येतो ना, तिनं बघायला नको? पाय नाचाच्या वेळी सरकले. हात... तोही मीच."

"आणि शाल?" रिटेकनं विचारलं.

"कसली शाल?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मावशी तर उंबरा ओलांडत नव्हत्या. ती शाल कुणी पांघरली हे त्या घरात आजतागायत कुणाला कळलेलं नाही, आणि डमी पुन्हा घरी आणायचा विषयही कुणी काढला नाही.

आईनं मात्र तेव्हाच दिग्दर्शकाला फोन लावला. आवाज घट्ट केला. "हे बघा, माझी मुलगी काम करणार नाही. तुमचं नुकसान होईल, मला कल्पना आहे, पण..."

पलीकडून इतका मोठा सुस्कारा आला की तो रिटेकलाही ऐकू गेला.

"ताई, देवासारख्या धावून आलात! तुम्हाला कसं सांगावं याच काळजीत होतो आम्ही. मुलगी परदेशी शिकते असं एका वाक्यात उरकतो ना!"

रिटेक मोकळी झाली. तिनं आनंदानं उडी मारली, आणि उडी खाली येईपर्यंत तिला राग आला. "म्हणजे? मी इतकी वाईट होते?" आई छताकडे बघू लागली, बाबा कागदाकडे. शेवटी तिनं हट्टच धरला आणि दिग्दर्शकानं बिचकत बिचकत ती टेस्ट पाठवून दिली.

तिघं मिळून बघायला बसले. सुरुवातीला पडद्यावर रिटेक होती. मग कॅमेरामननं हळूच कॅमेरा तिच्यावरून काढून मागच्या कुंडीतल्या झाडावर नेला, आणि शेवटपर्यंत तो तिथंच ठेवला. निदान झाडाची पानं तरी हलत होती.