तळघराबाबत अभिप्राय

सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांना क्रमांक घालण्यात गेल्यावर एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, आवक-जावकबाईंनी स्वतःचं एक पत्र लिहायला घेतलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

बाईंना कार्यालयात सगळे 'आवक-जावक' म्हणत. आलेल्या पत्राची एका जाड वहीत नोंद करायची ती आवक, गेलेल्याची दुसऱ्या वहीत ती जावक, आणि दोन वह्यांच्या मधोमध बाई. इतक्या वर्षांत बाईंच्या नावाने मात्र काही आलं नव्हतं. बाईंनाही त्याचं काही वाटत नसे, म्हणजे निदान कार्यालयीन वेळेत तरी.

पत्र होतं संगणकावरच्या एका खेळाबद्दल. लेकीने नोकरीसाठी गाव सोडताना आपला जुना लॅपटॉप आईकडे ठेवला, त्यात 'तळकोट' नावाचा खेळ घालून दिला आणि बजावलं, "आई, संध्याकाळी मला दर तासाला फोन करण्यापेक्षा हे खेळत बस."

"मला काय येतंय त्यातलं?"

"येण्यासारखं काही नाहीच गं त्यात. चार सोबती घ्यायचे नि तळघरात उतरायचं. चित्रं तर अशी आहेत, की तू चष्मा नाही लावलास तरी चालेल."

ते खरंच होतं. राक्षस म्हणजे सात-आठ ठिपके. त्यांना घाबरायचं काम खेळणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर करायचं. कुठे बाण नाही, खूण नाही, 'आता इकडे वळा' सांगणारं कुणी नाही. नकाशासुद्धा चौकटीच्या वहीत आपला आपण काढायचा. मेलात, की सराईपासून पुन्हा पहिले पाढे. आठवड्याने लेकीने विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "वेठबिगारी आहे नुसती," आणि फोन लगेच ठेवला. डावीकडचा एक बोळ बघायचा राहिला होता.

आणि मग ती सराईवाली. बाई पहिल्यांदा मरून सराईत परतल्या, तेव्हा ठिपक्यांची एक बाई पडद्यावर आली, ठिपक्यांचं ताट पुढे केलं आणि खाली अक्षरं उमटली : 'उरवलंस तर उद्या तेच. परवाही तेच.'

बाईंचा हात थांबला. हे वाक्य त्यांचं होतं. त्यांची आई पाळीवर कामाला जायची आणि आठ वर्षांनी लहान भावाला जेवू घालायचं काम बाईंकडे असायचं. तो पानात टाकायला लागला, की त्या हेच म्हणायच्या. अगदी हेच, 'परवाही'सकट.

खेळ बनवणाऱ्याने स्वतःचं नाव 'कोळिष्टक' असं लावलं होतं. लावेना का. बाईंना कळायचं ते कळलं.

धाकटा लहानपणी चौकटीच्या वह्यांत किल्ले नि त्यांची तळघरं काढायचा आणि फक्त बाईंनाच दाखवायचा. एकोणीस वह्या झाल्या होत्या. पुढे तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि खोली आवरताना बाईंनी त्या वह्या रद्दीत घातल्या. कार्यालयात पाकिटाचा फाटका कोपरासुद्धा जपून ठेवणाऱ्या बाईंनी! धाकटा सुट्टीला आला, रिकाम्या फळीकडे त्याने पाहिलं आणि नुसतं "बरं" म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. 'बरं'चं काय करायचं? आधी फोन कमी झाले, मग नंबर बदलले, मग आधी कुणी करायचा तेच कळेनासं झालं. आई गेली तेव्हा तो आला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. ह्या सगळ्याला वीस वर्षं झाली.

खेळाच्या शेवटी पाटी होती : 'अभिप्राय पत्रानेच कळवा. बटण दाबून दिलेले तारे मोजले जाणार नाहीत.' खाली टपालपेटीचा क्रमांक. बाईंनी पाच दिवस विचार केला. नाव घालायचं नाही. रडगाणं लिहायचं नाही. फक्त अभिप्राय कळवायचा, आणि त्यात एकच गोष्ट अशी घालायची, जी जगात फक्त दोघांनाच माहीत आहे. कळलं तर कळलं.

बाईंना पत्र लिहायची एकच रीत ठाऊक होती. त्या रीतीने त्यांनी लिहिलं :

'विषय : तळघराबाबत अभिप्राय.

महोदय, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, मी गेले सव्वीस दिवस आपल्या तळघरात फिरत आहे.

१. दारावरचा शिपाई पाव दिल्याशिवाय आत सोडत नाही. पाव खाऊनही एकच वाक्य तीनदा बोलतो.

२. कोणती वाट कुठे जाते याची पाटी नाही. नकाशा आपला आपण काढावा लागतो. हे मला फार आवडले.

३. तळघरात उंदीर आहेत. मोठे आहेत.

४. तिसऱ्या मजल्यावर सांगाडे बसलेले असतात. हात लावेपर्यंत हलत नाहीत. लावल्यास अंगावर येतात.

५. शेवटच्या दालनात अजगर आहे. त्याच्यापर्यंत पोचायला एकवीस दिवस लागले. पोचले तेव्हा झोपला होता.

६. विहीर चुकली आहे. ती किल्ल्यामागे होती व तिच्यात भुयार होते. ज्याला आठवायला हवे, त्याला आठवेल.

तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.'

वाचून पाहिलं. डोळे भरून आले. आणि डोळे भरलेले असतानाच हाताने सव्वीस वर्षांच्या सवयीने वर जावक क्रमांक ४११ घातला आणि खाली कार्यालयाचा गोल शिक्का उठवला.

"बाई!" शिपाई दारातून ओरडला. "मुख्य कार्यालयाचं ते मोडक्या खुर्च्यांचं विवरणपत्र! आत्ता टपालात नाही पडलं, तर साहेब माझीच खुर्ची त्यात लिहितील!"

सतरा मोडक्या खुर्च्यांचं विवरणपत्र बाईंनी सकाळीच करून ठेवलं होतं, प्रत्येकीपुढे शेऱ्यासह. त्याला घाईघाईने ४१२ क्रमांक पडला. दोन खाकी लिफाफे, एका मापाचे, एका रंगाचे. शिपायाने गोंदाची बाटली पुढे केली, "चिकटवा, चिकटवा" म्हणत घोडा नाचवावा तसा नाचला, आणि दोन्ही लिफाफे घेऊन पळाला.

गुरुवारी साहेबांची घंटा अशी वाजली, की तिसऱ्या मजल्यावरची नियोजन शाखा जागी झाली.

"मुख्य कार्यालयातून फोन होता," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "विचारत होते, तुमच्या तळघरात चाललंय तरी काय? मी म्हटलं, अभिलेख कक्ष आहे, जुनी कागदपत्रं आहेत. तर म्हणाले, आणि सांगाडे?" त्यांनी फॅक्सने आलेला कागद बाईंपुढे सरकवला. "आपलाच क्रमांक, आपलाच शिक्का. कुणी लिहिलंय हे?"

बाईंनी कागद पाहिला. चौकशी, खुलासा, ठपका, यांतलं काहीच त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी वरचा क्रमांक पुन्हा पाहिला : ४११. हे इथे आलं, तर मग त्याला काय गेलं?

वीस वर्षांनंतर बहिणीचं पहिलं पत्र, आणि त्यात सतरा मोडक्या खुर्च्या.

"साहेब, पत्र माझं आहे," त्या म्हणाल्या. "खाजगी आहे ते."

"खाजगी?" साहेबांनी शिक्क्यावर बोट ठेवलं. "बाई, गोल शिक्का बसला, की पत्र खाजगी राहत नाही. आता ते कार्यालयाचं मत झालं. माझंसुद्धा." त्यांनी आवाज खाली आणला. "एक विचारू? तो अजगर..."

"खेळातला आहे हो, साहेब."

"माझं दार कायम उघडं असतं. एकवीस दिवस कसे लागतील? आणि झोपलेला नव्हतो मी. डोळे मिटून विचार करत होतो."

दुपारपर्यंत कागद सगळ्या मजल्यांवर फिरून आला. नियोजन शाखेने 'सांगाडे' या शब्दाला लेखी हरकत घेतली, मात्र हरकतीवर सही करायला जागचं कुणी उठलं नाही. शिपाई बाईंच्या टेबलासमोर छाती काढून उभा राहिला.

"मी पाव मागतो? बोला ना, कुणाकडे मागितला मी पाव?"

"अरे, तू नाहीस तो. तो किल्ल्यावरचा शिपाई आहे."

"मी पाव मागतो? एकदा घेतला होता, तोही चहाबरोबर. मी पाव मागतो?"

"तीनदा झालं तुझं," बाई म्हणाल्या. शिपाई दोन दिवस बोलला नाही.

सोमवारी मुख्य कार्यालयातून तपासनीस आले. किरकोळ अंगाचे, बॅटरी घेऊन. "मला एकट्यालाच पाहू द्या," म्हणाले आणि तळघरात उतरले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. साहेब जिन्याच्या तोंडाशी येरझारा घालू लागले. शेवटी खालून, कुठून ते कळेना, बारीक आवाज आला, "कुणी आहे का?"

"बाई, तुम्ही जा," साहेब म्हणाले. "तुम्हाला सवय आहे."

बाई पेन्सिल आणि कागद घेऊन उतरल्या. प्रत्येक वळणावर रेघ मारत, गठ्ठ्यांच्या भिंतींमधून चालत राहिल्या. तपासनीस एका कोपऱ्यात कपाटावर चढून बसले होते.

"उंदीर आहेत," ते म्हणाले. "मोठे आहेत."

"हो."

"पाटी नाही कुठे. मी तीनदा त्याच गठ्ठ्यापाशी आलो. मग चौथ्यांदा म्हटलं, डावा हात भिंतीला लावून चालावं. तर ही खोली सापडली! इथे कपाट आहे, हे तुमच्या यादीतसुद्धा नाही." त्यांचे डोळे चमकत होते. मग एकदम त्यांनी टायची गाठ सारखी केली. "म्हणजे, अत्यंत गैरसोयीचं आहे."

त्यांचा अहवाल आठवड्यात आला : 'मुद्दा क्र. १ ते ५ मध्ये तथ्य आढळले. मुद्दा क्र. ६ मधील भुयार प्रयत्न करूनही आढळले नाही.' उंदरांचा बंदोबस्त झाला. तळघरात बाणांच्या पाट्या लागल्या. साहेबांनी आपल्या दारावर 'आत या, जागा आहे' असं लिहून घेतलं. म्हणजे 'मी जागा आहे' की 'बसायला जागा आहे' यावर दोन मतं पडली. सगळे म्हणाले, बाईंनी एका कागदात कार्यालय सुधारलं.

बाई घरी येत, लॅपटॉप उघडत, सराईवालीपर्यंत जात आणि बंद करत. दुसरं पत्र लिहायला तीनदा बसल्या. पण आधीच्या खुर्च्यांचं काय सांगायचं? 'क्षमस्व, लिफाफा बदलला' असं म्हणावं, तर मग लिफाफ्यात आधी काय होतं तेही सांगावं लागणार. ते दुसऱ्यांदा लिहायचा धीर कुठून आणायचा?

"आई, तो खेळ सोडलास की काय?" लेकीने फोनवर विचारलं.

"जिंकले मी तो."

"मग आवाज असा का?"

"जिंकल्यावर काही उरत नाही गं त्यात," बाई म्हणाल्या.

महिना गेला. एका मंगळवारी टपालात एक पांढरा लिफाफा आला. पत्ता : 'मा. कार्यालयप्रमुख'. बाईंनी नेहमीसारखा कडेने फोडला, शिक्का मारला, नोंद करायला पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं आणि वहीत पुढचं काही लिहिलं नाही. पत्र साहेबांच्या नावाचं होतं. नियमाप्रमाणे ते आधी साहेबांनी वाचायला हवं. बाईंनी ते वाचलं नाही. सव्वीस वर्षांत एवढा अवघड नियम त्यांनी पाळला नव्हता. त्या स्वतःच ते आत घेऊन गेल्या आणि उभ्या राहिल्या.

साहेबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'विषय : मोडक्या खुर्च्या. संदर्भ : आपले पत्र क्रमांक ४१२. महोदय, आपण पाठवलेले विवरणपत्र मिळाले. ते आमच्या खेळावरचा अभिप्राय आहे असे गृहीत धरून सतराही खुर्च्या सराईत मांडण्यात आल्या आहेत. खुर्ची क्र. ७ (शेरा : पाय तीन, भिंतीच्या आधाराने कामावर हजर) खेळाडूंना विशेष आवडली आहे.' बाई, हा काय प्रकार आहे?"

"पुढे वाचा, साहेब."

"'तथापि, शेऱ्याच्या रकान्याबाबत खुलासा व्हावा. असे शेरे लिहिणारी एकच व्यक्ती माझ्या माहितीत आहे. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकांच्या जागी ती लिहीत असे : पाहिले. रडला. जेवला.'" साहेबांचा आवाज मंदावला. "'सदर व्यक्ती आपल्या कार्यालयात असल्यास, ती कशी आहे, हे परतटपाली कळवावे. मी कळवायला फार उशीर केला आहे, याची मला जाणीव आहे.'"

साहेबांनी पत्र उलटं करून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"कोण हा इसम?"

"धाकटा भाऊ," बाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग लाल पेन घेतलं आणि कार्यालयप्रमुखाला शोभेल अशा गांभीर्याने समासात लिहिलं : 'आवक-जावक यांनी जातीने लक्ष घालून तीन दिवसांत उत्तर द्यावे.'

"तीन दिवसांत नाही व्हायचं, साहेब."

"का? प्रश्न तर एका ओळीचा आहे. ती कशी आहे."

"प्रश्न एका ओळीचा आहे," बाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "पण उत्तर वीस वर्षांचं आहे."

साहेबांनी थोडा वेळ विचार केला, या खेपेला डोळे उघडे ठेवून. मग पेनाचं टोपण पुन्हा काढलं, 'तीन दिवसांत' वर आडवी रेघ ओढली आणि वरच्या रिकाम्या जागेत ठळक अक्षरांत लिहिलं : 'सविस्तर'.